सल्ला : धाकटी जाऊ बाळंतपणासाठी रुग्णालयात जायला तयार नाही

पत्र : माझी धाकटी जाऊ सात महिन्यांची गरोदर आहे. ही तिची दुसरी खेप. पहिले बाळंतपण रुग्णालयात झाले आणि नॉर्मल झाले. नंतर रक्त बरेच गेल्यामुळे एक पिशवी चढवावी लागली, एवढेच. आता मात्र ती म्हणते, काही झाले तरी मी तिथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही, घरीच बाळंत होईन. कारण विचारले की गप्प बसते. एकदाच म्हणाली, ‘तिथे माणसासारखं वागवत नाहीत.’ सासूबाई तिच्या बाजूने आहेत, कारण त्यांची चारही बाळंतपणे घरी सुईणीच्या हातून झाली. दीर म्हणतात, तिला हवे तसे करू द्या. रुग्णालय गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. समजावून समजावून मी थकले. शिकलेली मुलगी असून तिने असा हट्ट का धरावा? तिला कसे पटवून द्यावे?
– एक थोरली जाऊ

ताई,

सरळ उत्तर आधी देते. तुमच्या जावेचे हे बाळंतपण रक्त देण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवे, आणि त्याचे कारण तुम्ही पत्रात ओघात लिहून पुढे गेला आहात. पहिल्या खेपेला तिचे रक्त इतके गेले की ते बाहेरून द्यावे लागले. ज्या स्त्रीला एकदा असा रक्तस्राव झाला आहे, तिला पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा जास्त असते. त्यामुळे घर की रुग्णालय हा प्रश्न तिच्या बाबतीत केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

मात्र ‘तिला कसे पटवावे’ या तुमच्या प्रश्नापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. तुम्ही तिला बरेच समजावलेत, पण तिथे नेमके काय घडले हे तिच्या तोंडून अजून तुमच्या कानी आलेले नाही, असे पत्रावरून दिसते. ती आयुष्यात एकदा तिथल्या लेबर रूममध्ये राहून आली आहे, आणि तिचा नकार त्या अनुभवावर उभा आहे. ज्या स्त्रिया रुग्णालयात बाळंत होत नाहीत त्यांना अडाणी, हट्टी किंवा जुन्या वळणाच्या म्हणून मोकळे होणे सोपे असते. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी बहुतेकींकडे स्वतःची कारणे असतात, ती बऱ्याचदा खरी असतात, आणि ती ऐकून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

एक जुने उदाहरण देते. 1840 च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात प्रवेश मिळू नये म्हणून बायका अक्षरशः गुडघे टेकून विनवण्या करत, आणि काहीजणी तर तिथे जाण्यापेक्षा रस्त्यात बाळंत होणे पत्करत. 1846 साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या आणि दुसऱ्या विभागात तीनहून कमी. पुढच्या वर्षी इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आले की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत आहेत. त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली आणि पहिल्या विभागातले मृत्यू झपाट्याने खाली आले. गुडघे टेकणाऱ्या त्या बायकांना जंतूंविषयी काहीच ठाऊक नव्हते, तरीही त्या विभागात धोका आहे हे त्यांनी डॉक्टरांच्या आधी ओळखले होते.

तुमच्या जावेच्या एका वाक्यातही अशीच माहिती आहे. लेबर रूममध्ये बाईशी कसे वागले जाते, यावर आता बराच अभ्यास झाला आहे. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत संशोधकांनी प्रसूतीच्या वेळी प्रत्यक्ष हजर राहून निरीक्षणे केली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे 42 टक्के स्त्रियांना मारहाण, शिवीगाळ, अपमान किंवा भेदभाव यांपैकी काही ना काही सोसावे लागल्याचे दिसले. वयाने लहान आणि कमी शिकलेल्या स्त्रियांच्या वाट्याला ते अधिक आले. हा छळ शिगेला पोहोचत होता तो बाळ बाहेर येण्याआधीच्या अर्ध्या तासात आणि नंतरच्या पंधरा मिनिटांत, म्हणजे बाई सर्वांत असहाय असते नेमक्या त्या वेळी. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 सालीच याविषयी स्वतंत्र निवेदन काढून, प्रसूतीच्या वेळी सन्मानाची वागणूक मिळणे हा प्रत्येक स्त्रीचा हक्क असल्याचे म्हटले होते.

आकडे बाजूला ठेवले तरी हे कसे घडते ते बायकांना ठाऊक असते. कळा असह्य होऊन ओरडले की ‘आता कशाला ओरडतेस, तेव्हा कळलं नाही का’ असे ऐकवले जाते. मांडीवर चापट बसते. पडदा न ओढता, नाव न सांगता, एकामागून एक माणसे येऊन आतून तपासून जातात. सोबत आलेल्या आईला किंवा बहिणीला दाराबाहेर उभे केले जाते. टाके घालताना भूल नीट चढली आहे का, हे कोणी विचारत नाही. यांतले काय तुमच्या जावेच्या वाट्याला आले हे मला माहीत नाही, आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. इतके मात्र लक्षात ठेवा की हे सोसलेली बाई घरी येऊन ते सहसा सांगत नाही, कारण बाळ सुखरूप आहे, आता तक्रार कसली, असे तिला सगळ्यांनी आधीच सांगितलेले असते.

तुमच्या जावेच्या बाबतीत अवघड आहे ते हे की ज्या जागी तिला माणसासारखे वागवले नाही, त्याच जागी तिचा जीवही वाचला असावा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ‘अगं, त्यांनीच तुला वाचवलं ना’ असे म्हणून तिचे बोलणे बंद करू नका. बहुधा हे तिने पुष्कळदा ऐकले असेल, आणि दर वेळी तिला एवढेच कळले असेल की तिच्या अपमानाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता रक्तस्रावाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सासूबाई आणि दीर या दोघांनाही ते समजायला हवे. बाळ जन्मल्यावर वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा भाग, सुटते तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय लगेच आवळून घट्ट झाले की त्या दाबल्या जाऊन बंद होतात. ते ढिले राहिले तर वाहतच राहतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते, म्हणून धडधाकट बाईसुद्धा पाहता पाहता गळून जाते आणि दोन-तीन तासांत दगावू शकते. तुमचे रुग्णालय तासाभरावर आहे. गाडी शोधण्यात आणि निघू की नको हे ठरवण्यात आणखी तास गेला, तर हातात काय उरते याचा विचार घरातल्या प्रत्येकाने करावा.

रुग्णालयात यावर उपाय असतो आणि तो फार अवघडही नसतो. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आवळते. हे औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते, त्यामुळे ते घरात ठेवून भागत नाही. गेलेले रक्त अंदाजाने न सांगता खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजायचे आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू करायचे, अशी पद्धत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील 80 रुग्णालयांत तपासून पाहिली गेली. 2023 साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलेले दिसले. जगात 2023 साली गरोदरपणात आणि बाळंतपणात सुमारे 2,60,000 स्त्रिया मरण पावल्या. अशा मृत्यूंचे सर्वांत मोठे थेट कारण रक्तस्रावच आहे.

सासूबाईंशी बोलताना त्यांच्या सुईणीला नावे ठेवू नका. त्या बाईने चार वेळा त्यांचा हात धरला, धीर दिला, कळांमध्ये पाठ चोळली, आणि त्यांना कुठेही एकटे पडू दिले नाही. रुग्णालयात नेमके हेच हरवते. सासूबाईंना इतकेच सांगावे की त्यांच्या चारही खेपांना अडचण आली नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. सुनेच्या पहिल्याच खेपेला मात्र ती आलेली आहे. बाळंतपणात कोणाला अडचण येईल हे आधी नेमके ओळखण्याची पद्धत आजही कोणाकडे नाही, आणि अडचणीत सापडणाऱ्या पुष्कळ बायकांमध्ये आधी धोक्याचे एकही लक्षण दिसत नाही. तुमच्या जावेत ते दिसलेले आहे.

घरी बाळंत होणे सगळीकडे आणि सगळ्यांसाठी वाईटच, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. इंग्लंडमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कमी जोखमीच्या आणि आधी मूल झालेल्या स्त्रियांनी ठरवून घरी बाळंत होण्याने बाळाला वाढीव धोका आढळला नाही. पण तिथे घरी येणारी प्रसाविका प्रशिक्षित असते, तिच्याजवळ औषधे आणि बाळाला श्वास देण्याचे साधन असते, गरज पडताच रुग्णवाहिका येते, आणि तरीही अशा शंभरातल्या सुमारे बारा जणींना रुग्णालयात हलवावे लागले. शिवाय आधी मोठा रक्तस्राव झालेली स्त्री कमी जोखमीच्या गटात धरली जात नाही. तुमच्या जावेने कुठे असे वाचले असेल, तर ही बाजूही तिच्यासमोर मोकळेपणाने ठेवा.

आता काय करावे, ते. एखाद्या दुपारी, घरात दुसरे कोणी नसताना, तिच्याजवळ बसा आणि रुग्णालयाचे नाव न काढता फक्त विचारा, ‘त्या वेळी काय झालं, मला सांगशील?’ ती बोलू लागली तर मध्ये ‘पण’ म्हणून तोडू नका. डॉक्टरांची बाजू मांडू नका. ती रडली तर रडू द्या. त्या दिवशी तिच्याकडून कसलाही होकार मिळवायचा नाही, हे मनाशी ठरवूनच बसा. नंतर कधीतरी, तिने सांगितलेले मनात ठेवून, दुसरा प्रश्न विचारा : ‘कोणत्या गोष्टी वेगळ्या असल्या तर तुला जाववेल?’ मला वाटते, तुमच्या पत्राचे उत्तर तिच्या या उत्तरात आहे.

त्या उत्तरातून मागण्या पुढे येतील, आणि त्यांतल्या बऱ्याच मागण्या वाजवी निघतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 सालच्या शिफारशींनुसार बाळंतिणीला तिच्या पसंतीची व्यक्ती शेवटपर्यंत सोबत ठेवता यावी, कळांच्या काळात तिला हिंडता-फिरता यावे, धोका नसेल तर पाणी पिता आणि खाता यावे, तिला सोयीच्या वाटेल त्या स्थितीत बाळंत होता यावे, आणि सगळे सुरळीत असताना आतून तपासणी साधारण चार-चार तासांनी व्हावी. योनिमार्गाला सरसकट छेद देणे आणि पोटावर जोर देऊन बाळ ढकलणे, या दोन्ही गोष्टी करू नयेत असे त्याच शिफारशी सांगतात. ही यादी तुम्ही दोघींनी मिळून वाचावी. पहिल्या वेळी आपल्याला जे बोचले ते आपले नाजूकपण नव्हते, वागणूकच चुकीची होती, हे तिला तज्ज्ञांच्या शब्दांत कळले तर मनावरचा भार थोडा उतरेल.

सोबतीचा मुद्दा सर्वांत आधी पक्का करा. प्रसूतीच्या काळात सतत कोणी जवळ असण्याचा काय परिणाम होतो, याचा 17 देशांतल्या 26 अभ्यासांवर आधारलेला एक आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. सोबत असलेल्या स्त्रिया नैसर्गिकरीत्या बाळंत होण्याचे प्रमाण जास्त होते, सिझेरियन कमी झाले, कळांचा काळ थोडा घटला, आणि अनुभव वाईट गेल्याचे सांगणाऱ्याही कमी निघाल्या. ती सोबत तुमची असावी असे तिला वाटले, तर नाही म्हणू नका.

शक्य असेल तर तेच रुग्णालय टाळा. रक्ताची सोय असलेले दुसरे ठिकाण आवाक्यात आहे का, याची चौकशी दिरांकडे सोपवा. दुसरे नसेल तर दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी तिला घेऊन तिथे एकदा जाऊन या, प्रमुख सिस्टरला किंवा डॉक्टरांना भेटा, आणि मागच्या वेळी काय झाले ते तिच्या संमतीने शांतपणे सांगा. सोबतीला कोणाला थांबू देतील हे विचारून घ्या आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. जिथे सोबतीला आत सोडतच नाहीत, तिथे लेखी विनंती द्या. माणसे बदललेली असू शकतात. तिला आपलीशी वाटणारी एखादी नर्स या भेटीत सापडली, तर पुढचे निम्मे काम झाले. पहिल्या बाळंतपणाचे डिस्चार्ज कार्ड शोधून सोबत न्या, रक्तस्राव का झाला ते विचारा, आणि कार्ड नसेल तर तोंडी तरी सांगाच.

याच आठवड्यात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त आधीच कमी असले की थोडाही रक्तस्राव जड जातो, आणि दोन महिन्यांत डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी ते पुष्कळ सावरता येते. रक्तगट कागदावर लिहून ठेवा, आणि त्या गटाचे रक्त वेळेला देऊ शकतील अशी दोन-तीन माणसे ठरवून ठेवा.

दिरांशी तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी वेगळे बोलावे. ‘तिला हवे तसे’ म्हणणे प्रेमाचे वाटते, पण त्यात त्यांच्या वाट्याचे काम राहून जाते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी 1994 साली दाखवून दिले की माता दगावतात त्या मुख्यतः तीन ठिकाणी झालेल्या उशिराने : जायचे हे ठरवायला उशीर, पोहोचायला उशीर, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला उशीर. पुष्कळ जणींचे घरचे बाळंतपण कोणी ठरवलेले नसते; रात्रीची वेळ, गाडी नाही, हातात पैसे नाहीत, मोठ्या मुलाला सांभाळायला कोणी नाही, नवरा बाहेरगावी आणि त्याच्याशिवाय हो म्हणणारे कोणी नाही, अशा गोष्टी जमून येतात आणि उजाडायच्या आत मूल जन्मते. दुसऱ्या खेपेला कळांचा काळ पहिल्यापेक्षा सहसा कमी असतो, म्हणून तर हे आधी ठरलेले हवे. कोणाची गाडी, ती नसेल तर दुसरी कोणाची, पैसे कुठे ठेवलेले आहेत, मोठे मूल कोणाजवळ राहील आणि दीर घरी नसले तर निघण्याचा निर्णय कोण घेईल, हे दिरांनी आठव्या महिन्यात लिहून काढावे. रुग्णालयाजवळ कोणाकडे शेवटचे काही दिवस राहण्याची सोय होत असेल, तर तासाभराच्या रस्त्याची चिंताच उरत नाही.

पुढील काहीही दिसले, तर घर की रुग्णालय ही चर्चा बंद ठेवून त्या क्षणी निघा : अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे, झटके, ताप, कळा नसताना पाणी जाणे, ते पाणी हिरवट असणे, किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे परिणामकारक औषध आहे. 2002 सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, रक्तदाब वाढून गुंतागुंत झालेल्या गरोदर स्त्रियांना ते दिल्याने झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले होते. मात्र ते रुग्णालयातच देता येते.

एवढे करूनही कळा झपाट्याने वाढल्या आणि बाळ घरीच जन्मले, तर तो कोणाचा पराभव मानून थांबून राहू नका. गाडी बोलावलेली असू द्या. बाळाला लगेच कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि वरून झाका. ते रडले नाही तर पाठ चोळा. लगेच छातीला लावा, त्यानेही गर्भाशय आवळायला मदत होते. नाळ कापायची घाई नाही. कापलीच तर नव्या, स्वच्छ पात्याने कापा आणि तिच्यावर काहीही लावू नका. वार बाहेर यावी म्हणून नाळ ओढू नका, पोटही दाबू नका. रक्त जास्त जात नसले, तिला बरे वाटत असले, तरीही तिच्या बाबतीत घरी थांबायचे नाही, दोघांनाही घेऊन निघायचे.

रुग्णालयात बाळंत झाली, तर किमान 24 तास तरी तिथून निघू नका, कारण बाळंतपणानंतरच्या गंभीर रक्तस्रावाचा मोठा धोका त्या पहिल्या दिवसात असतो. त्या दिवसभरात तुमच्यापैकी एकीने जवळ राहावे, पॅड किती लवकर भिजते आहे ते पाहत राहावे, आणि नर्सला बोलवावेसे वाटले तर संकोच न करता बोलवावे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, मग दुसऱ्या आठवड्यात, आणि पुन्हा सहा आठवड्यांनी तिला आणि बाळाला तपासून घ्यावे. या वेळीही तिच्याशी कोणी वाईट वागले, तर ते तिच्या एकटीवर सोडू नका. तारीख, वेळ आणि घडलेली गोष्ट लिहून रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्या, आणि त्या कागदावर तिच्या सहीखाली तुमचीही सही असू द्या.